जमा आहे, पण मिळणार नाही

आमच्या रामबागेतल्या गणेशोत्सव मंडळाचे कोषाध्यक्षपद पूर्वीपासून अबोल स्वभावाच्या आणि वळणदार अक्षराच्या माणसाकडे जात आले आहे, कारण त्या पदाचे सारे काम पावतीपुस्तकात सामावलेले असे. २०१६ मध्ये यूपीआय आले, पाहता पाहता इंदूरच्या पोहे-जिलबीच्या गाड्यांवरही चौकोनी कोड लटकू लागले, आणि वर्गणीला गेल्यावर "सुट्टे नाहीत, उद्या या" म्हणणारी मंडळी "कोड पाठवा, देतो" म्हणू लागली. तेव्हा मंडळाने रीतसर ठराव करून एका ऑनलाइन सेवेकडून माझ्या नावाने असा कोड घेतला आणि त्याच्या जोडीला, पैसे आले की गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात ते जाहीर करणारा डबाही घेतला. दिवसभराची जमा रात्री आपोआप बँकेच्या खात्यात वळती होई; सेवेच्या भाषेत याला सेटलमेंट म्हणतात.

यंदा चतुर्थीच्या तोंडावर संदेश आला : "आपके खाते में असामान्य गतिविधि पाई गई है। सेटलमेंट अस्थायी रूप से रोका गया है।"

असामान्य ते काय, यावर मी पुष्कळ विचार केला. वर्षभर निपचित पडलेल्या खात्यात एकाएकी शेकडो माणसांनी पैसे टाकावेत आणि त्यांतली एकही रक्कम पुऱ्या आकड्याची नसावी! १०१, २५१, ५०१, ११०१. शुभकार्यात वरचा एक रुपया लागतो, हे त्या यंत्राला कोणी सांगितलेले नसणार. त्याला तो शेवटचा एक म्हणजे एखाद्या टोळीची खूणच वाटली असावी. हा माझा तर्क आहे, आणि तर्कच करावा लागतो. मनी लाँडरिंग रोखणाऱ्या २००२ च्या कायद्याखालच्या नियमांनुसार एखाद्या व्यवहाराचा संशय सरकारला कळवला गेला, तर त्याची कुणकुण ग्राहकाला लागू द्यायची नसते. चोराला आगाऊ वर्दी मिळू नये, हा त्यामागचा हेतू मला पूर्णपणे पटतो. पण कोषाध्यक्ष पळून पळून जाणार कोठे? त्याला रोज संध्याकाळी आरतीला सर्वांच्या नजरेसमोर उभे राहायचे असते.

या बंदीतली खरी खुबी अशी, की तिने पैसे बाहेर जाण्याची वाट बुजवली, मात्र आत येण्याची वाट सताड उघडी ठेवली. मांडववाला उरलेले पैसे मागायला आला, तेव्हा मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि मंडळाकडे सध्या पैसे नाहीत हे शक्य तितक्या करुण स्वरात सांगू लागलो. माझे वाक्य पुरे व्हायच्या आत मूर्तीच्या पायाशी ठेवलेला डबा खणखणीत आवाजात म्हणाला, "पाँच सौ एक रुपये प्राप्त हुए." मांडववाल्याने कप खाली ठेवला. मी सेटलमेंट म्हणजे काय ते समजावू लागलो, तोच डबा पुन्हा बोलला, "दो सौ इक्यावन रुपये प्राप्त हुए." मग मांडववाला अतिशय शांतपणे म्हणाला, "भिया, प्राप्त तो हो रहे हैं." त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. डब्याचा आवाज कमी करण्याचे बटण असते, हे मला सचिवांनी तो गेल्यावर सांगितले.

त्यानंतर घरोघर जाऊन "कृपया वर्गणी देऊ नका" अशी विनंती करण्याची पाळी आली. असे म्हणणारा कोषाध्यक्ष आमच्या मंडळाने कधी पाहिला नव्हता. काही जणांना ही माझी विरक्ती वाटली आणि त्यांनी भारावून दुप्पट रक्कम पाठवली. शेजारच्या काकूंनी मात्र आमच्या हिला बाजूला घेऊन विचारले, "अहो, घरी सगळे ठीक आहे ना?"

खाते मोकळे करण्यासाठी सेवेने मागितलेली कागदपत्रे साधी होती : गुमास्ता परवाना, विकलेल्या मालाची बिले, आणि दुकानाचा असा फोटो ज्यात पाटी आणि मालक दोन्ही स्पष्ट दिसतील. व्यवसायाच्या यादीत किराणा, कापड, ब्यूटी पार्लर असे सर्व काही होते, गणपती नव्हता. मी "इतर" निवडले, मंडळाचा ठराव जोडला आणि मांडवाचा फोटो पाठवला. त्यात मंडळाची पाटी होती आणि पाटीखाली मूर्ती. उत्तर आले, की फोटोतील मालकाचा चेहरा पॅनकार्डावरील चेहऱ्याशी जुळत नाही. मी तो संदेश अध्यक्षांना दाखवला. त्यांनी आधी मूर्तीकडे पाहिले, मग माझ्या पोटाकडे, आणि "फार फरक नाही हो" एवढेच म्हणाले.

मदत केंद्रात चॅटबॉट होता. मी काहीही लिहिले तरी त्याला माझ्या असुविधेचा खेद होत असे, आणि तो खेद व्यक्त करून झाला की तो मला पहिल्या प्रश्नावर परत नेऊन सोडी. माणसाशी बोलण्याची सोय यादीत अगदी खाली होती आणि ती दाबली की पुन्हा चॅटबॉटच येई. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये आणलेल्या एकात्मिक लोकपाल योजनेचा आधार होता, परंतु तेथे जाण्यापूर्वी कंपनीकडे लेखी तक्रार करून उत्तरासाठी ३० दिवस थांबावे लागते, आणि आमचा देव १० दिवसांत परत जातो. तक्रार मी केलीच. मोदकांचे, गुरुजींच्या दक्षिणेचे आणि मांडवाचे पैसे तूर्त कार्यकारिणीच्या खिशांतून निघाले. कोणाच्या खिशातून किती, यावरून सभेत जे झाले ते इतिवृत्तात नाही.

गिरणीत उमेदवारी केलेले आमच्या गल्लीतले एक आजोबा मला धीर देत. हुकुमचंद मिल बंद पडल्यावर कामगारांची देणी तीन दशकांहून अधिक काळ अडकली होती आणि २०२३ च्या डिसेंबरात २२४ कोटींचा धनादेश निघाला, हे ते बोटावर वर्षे मोजत सांगत. "मिळतात रे पैसे," ते म्हणत, "तब्येत सांभाळ."

पैसे मिळाले. अनंत चतुर्दशीची झाँकी राजवाड्यावरून पुढे गेल्यावर, केव्हातरी भल्या पहाटे, सारी रक्कम कोणतेही स्पष्टीकरण न देता बँकेत येऊन पडली. पाठोपाठ सेवेच्या प्रतिनिधीचा फोन आला, आणि या खेपेस तो खरा माणूस होता. ते १० दिवस माझा धंदा फार उत्तम झाला म्हणून कंपनी मला व्यवसाय वाढवण्यासाठी कर्ज देऊ इच्छीत होती, मात्र चतुर्दशीनंतर विक्री एकदम शून्यावर आल्याचे पाहून त्याला काळजी वाटत होती. "सर," त्याने आपुलकीने विचारले, "दुकान बंद तो नहीं कर दी?"