झोळी जाळा असं म्हटलं नव्हतं, मावशी. रात्री तिच्याजवळ जागं कोण असतं ते विचारलं होतं

मावशी, नमस्कार.

तान्ह्या बाळाला रात्री कुठं आणि कसं झोपवावं यावर मी लिहिलं, त्यावर तुमची खरमरीत प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते: झोळीत आमच्या चार पिढ्या वाढल्या, कुणाला काही झालं नाही. हे सगळं अमेरिकेचं शास्त्र, तिकडं लेकरू वेगळ्या खोलीत टाकतात. उताणं झोपवलं तर दूध घशात अडकतं, बाळ कुशीवरच बरं. मोहरीची उशी काढली की डोकं चपटं. आणि बेळगावच्या वडगावातल्या दोन खोल्यांत लाकडी क्रिब (बाळाचा कठड्याचा पलंग) ठेवायचा कुठं? शेवटी ‘नर्सबाईंनी बाळंतीण आमच्यावर सोडावी’ हा टोला. टोला पोचला. बाकीच्याचं उत्तर देते, पण तुमच्या क्रमानं नाही.

आधी अमेरिकेचं. बाळाला पालथं झोपवा, हे तिकडच्या डॉक्टरांनीच कितीतरी वर्षं सांगितलं होतं. पालथं बाळ शांत झोपतं, उलटी गिळत नाही, असा समज. मग १९८५ साली डी. पी. डेव्हिस नावाच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हाँगकाँगबद्दल लिहिलं: इथं घरं लहान, माणसं दाटीवाटीनं राहतात, तरी झोपेत अचानक बाळ दगावण्याचे प्रकार इतके कमी कसे? त्यांनी बोट ठेवलं ते चिनी आयांच्या सवयीवर. त्या बाळाला पाठीवर झोपवत. पुढं ब्रिटन, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांतून तेच निघालं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ साली पालथं झोपवू नका म्हणून सांगितलं, १९९४ पासून देशभर मोहीम चालली. १९९२ साली तिकडं दर लाख जन्मांमागं अशी १२० बाळं जात होती, २००१ साली ५६. औषध नाही, यंत्र नाही, नुसतं बाळ पालथं होतं ते उताणं केलं.

आता तुमची-माझी आजी बाळ कसं ठेवायची? पाठीवरच की ओ. पालथं ती घालायची ते मालिश करताना, मांडीवर, डोळ्यांदेखत. म्हणजे या वादात आजी माझ्या बाजूला आहे. कुशीवरचा आग्रह मला मागून आलेला वाटतो. कुशीवरचं बाळ कुशीवर राहत नाही, जरा हललं की पालथं पडतं, आणि पहिल्या तीन-चार महिन्यांत त्याला परत उलटता येत नाही.

दूध अडकण्याची भीती खरी आहे, कारण डोळ्यांना तसंच दिसतं. पण आत काय होतं ते बघा. बाळ उताणं असताना श्वासनलिका वरच्या बाजूला असते, अन्ननलिका तिच्याखाली. वर आलेलं दूध खालच्या नळीतच राहतं, वरच्या नळीत जायला त्याला चढावं लागतं. बाळ पालथं असलं की नेमकं उलटं, श्वासनलिका खाली येते. पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, दहा-पंधरा मिनिटं उभं धरा आणि मग पाठीवर ठेवा. गुळणी आली तर बाळ ती गिळतं किंवा खोकून काढतं.

आता झोळी. माझं खरं म्हणणं इथंच आहे.

झोळी आपल्याकडं हौसेनं आली नाही. सारवलेली भुई, मुंग्या, विंचू, खानापूरच्या बाजूला चार महिने भिंतीतून झिरपणारी ओल. अशा घरात लेकरू जमिनीवरून उचलून तुळईला टांगणं शहाणपणाचंच होतं. शिवाय घर माणसांनी भरलेलं. सासू तांदूळ निवडता निवडता पायाच्या अंगठ्यानं दोरी ओढायची, ती उठली तर नणंद बसायची. झोळीपाशी जागं माणूस नाही असं व्हायचंच नाही. ती माणसं म्हणजेच झोळीची खरी सुरक्षा होती, नऊवारीचं कापड नव्हे.

आज काय आहे? खडेबाजारातून स्प्रिंगची झोळी आणतात, ऐपत असली तर बटण दाबल्यावर आपोआप हलणारा मोटरचा पाळणा. हनुमाननगरातल्या फ्लॅटमध्ये दोनच माणसं, त्यातलं एक सकाळच्या शिफ्टला जाणारं आणि दुसरं टाक्यांनी बेजार झालेली बाळंतीण. रात्री दोनला ती बाळ झोळीत ठेवते, स्प्रिंग हलती ठेवते आणि मेल्यासारखी झोपते. ह्याला परंपरा कसं म्हणायचं, मावशी? कापड तेच आहे, पण राखण गेली.

कंग्राळीला एका घरी गेले होते, बाळ तीन आठवड्यांचं. झोळीत वाकून बघितलं तर बाळ ढुंगणाकडं घसरून गोळा झालेलं, हनुवटी छातीवर टेकलेली, दर श्वासाला नाकपुड्या फुलत होत्या आणि घशातून बारीक घरघर. आजी कौतुकानं म्हणाली, ‘‘कसं गाढ घोरूलालंय बघा की.’’ उचलून चटईवर सपाट ठेवलं. मान सरळ झाली तशी घरघर बंद.

कारण साधं आहे. तान्ह्याचं डोकं अंगाच्या मानानं मोठं, मागचा भाग फुगीर. कापडाच्या खोलगट कुशीत ते पुढं ढकललं जातं, आणि मान उचलायची ताकद बाळात नसते. श्वासनलिका मऊ आणि अरुंद, वाकली की वाट दबते. वर दोन्ही बाजूंचं कापड तोंडाशी येतं, नाक त्यात खुपसलं की सोडलेलीच हवा परत परत ओढली जाते. ते रडतही नाही, म्हणून कुणाला कळत नाही. कारच्या सीटमध्ये तासन्‌तास झोपवू नका म्हणतात तेही ह्याच कारणानं. अमेरिकेत २०२२ साली कायदाच झाला, १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेली बाळांची झोपायची साधनं विकायची नाहीत.

म्हणून दिवसा, जागं माणूस समोर बसलं असेल तर झोळी वापरा. वर आडवी काठी घालून कापड फाकलेलं ठेवा, तोंड उघडं दिसलं पाहिजे, हनुवटी आणि छातीच्या मधे दोन बोटं मावली पाहिजेत. मोठ्या भावंडांना झोळीला पीळ घालून गिरक्या घ्यायला देऊ नका; साडीच्या झोळीचा गळ्याला फास बसून पोरं दगावल्याच्या नोंदी आपल्या देशात आहेत. रात्री मात्र झोळी नको, आणि मोटरची तर नकोच.

‘कुणाला काही झालं नाही’ यावर बोलायला जीव होत नाही, पण बोलते. जुन्या बायकांना किती मुलं विचारलं की उत्तर यायचं, ‘आठ झाली, पाच राहिली.’ त्या तिघांत बरीचशी तापानं, धनुर्वातानं, कमी वजनानं गेली असणार. सगळी झोळीवर घालणं खोटेपणाचं होईल. पण ‘रात्री दूध प्यालं, सकाळी गार’ अशी जी होती त्यांची कुणी चौकशी केली? सटवाईवर ढकललं, नाहीतर बाळंतिणीवर. चार पिढ्यांचा हिशेब आपण मागं राहिलेल्यांकडूनच ऐकतो.

बाळ आईपासून तोडा, हे मी कुठंही लिहिलेलं नाही. त्याच अमेरिकन संघटनेचं सांगणं आहे की निदान पहिले सहा महिने बाळ आईच्याच खोलीत असावं, फक्त अंथरूण वेगळं. हात लांबवला की पोचेल इतकं जवळ. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळांना झोपेत दगावण्याचा धोका कमी असतो, आणि जवळ असलं की पाजणं सोपं. एकाच अंथरुणात घ्यावं का, यावर जगभरात एकमत नाही. ती संघटना नको म्हणते. स्तनपानाचं काम करणारे डॉक्टर म्हणतात, आयांना घाबरवू नका, परिस्थिती बघा. मी वेगळ्या अंथरुणाच्या बाजूची. पण बेळगावच्या डिसेंबरात पहाटे तीनला पाजताना डोळा लागणारच, हे मलाही कळतं. तेव्हा डोळा लागायचाच असेल तर आधीच आवरलेल्या, जमिनीवरच्या कडक अंथरुणात लागू दे. सोफ्यावर किंवा खुर्चीत बसून बाळ छातीवर घेऊन कधीच नाही. सगळ्यात वाईट जागा तीच. आईची वाकळ कमरेच्या वर नको, बाळ आईच्या एका बाजूला, नवरा-बायकोच्या मधे नाही, आणि थोरलं भावंड त्याच्या शेजारी नाही.

दोन घरांत मात्र मी ‘परिस्थिती बघा’ असंही म्हणणार नाही. एक, जिथं बाळ वेळेआधी किंवा अडीच किलोच्या आत जन्मलंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वजन केलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के अडीच किलोच्या आतली होती, म्हणजे हे लाखात एखादं घर नव्हे. अशा बाळाला ऊब द्यायला कांगारू पद्धत आहे, आई जागी, मागं रेलून, बाळ उघड्या छातीवर. १९७८ साली बोगोटात सुरू झालं, आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. झोप आली की बाळ आपल्या जागेवर. दुसरं घर विडी-सिगारेट किंवा दारूचं. निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखूवर कितीतरी चुली पेटतात, त्यांना माझा बोल नाही. पण बाळंतिणीच्या खोलीत विडी ओढणाऱ्या मामाला मी तोंडावर सांगते, बाहेर जा. आई गरोदर असताना तिनं ओढणं आणि नंतर बाळाभोवतीचा धूर, दोन्हीनं झोपेतल्या मृत्यूचा धोका वाढतो.

क्रिब घ्या असं मी म्हणणार नाही. जागा सपाट, कडक आणि मोकळी हवी, बस्स. दाबून बसलेली कापसाची गादी, नाहीतर सतरंजीच्या घट्ट घड्यांवर ताणून खोचलेली चादर. तळहातानं दाबून सोडलं की खळगा राहता कामा नये. फिनलंडमध्ये १९३८ पासून सरकार आयांना पुठ्ठ्याची पेटी देतं, तिच्यातलं सामान काढलं की तळाच्या गादीवर बाळ झोपतं. श्रीमंतीचा इथं संबंधच नाही. छत्रीसारखी मच्छरदाणी आपल्याकडं लागतेच, पण तिच्यासोबत आलेली उशी आणि गुबगुबीत लोड काढून टाका. माळ्यावरचा घरचा पाळणा काढणार असाल तर तळ सपाट आहे का बघा, गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि रात्री तो बांधून स्थिर ठेवा. वर टांगलेली गोकाकची लाकडी खेळणी बाळाचा हात पोचायला लागला की उतरवा.

मोहरीच्या उशीचं लवकर संपवते. ती मान पुढं करते, तोंड फिरवलं तर नाक तिच्यात रुततं, आणि शिवण उसवली की मोहऱ्या बाळाच्या तोंडाशी. डोकं चपटं होतं ते एकाच अंगावर राहिल्यानं. बाळ आईकडं किंवा उजेडाकडं मान वळवतं, म्हणून एक रात्र डोकं पूर्वेला ठेवा, दुसरी रात्र पश्चिमेला. उत्तरेची भानगडच नको. जागं असताना पोटावर घाला, समोर बसून. थोडा चपटेपणा राहिलाच तर बाळ बसायला लागल्यावर बहुतेक भरून येतो. उशी गेल्यावर अडकित्ता कुठं ठेवायचा, असं एका आजीनं विचारलं होतं. पाळण्याखाली, जमिनीवर. दृष्टीला तेवढं अंतर चालतं.

थंडीचं तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्या गावात ते टाळून चालणार नाही. आपल्या अंगावर जेवढं, त्यापेक्षा एक थर जास्त, एवढं पुरे. हातपाय गार लागतात म्हणून घाबरू नका, छाती किंवा मानेची मागची बाजू चाचपा. तिथं घाम असेल तर कपडा कमी करा. पहिल्या दिवसांत, बाळ लहानखुरं असेल तर, घट्ट बसणारं टोपडं चालेल, पण नाड्यांची कुंची झोपेत नको, ती सरकून तोंडावर येते. दुपट्यात गुंडाळायचं तर पाय हलतील असं, आणि बाळ कूस वळायची धडपड करू लागलं की गुंडाळणं बंद. कोळशाची शेगडी घेऊन खिडक्या लावून झोपणं सगळ्यात घातक. तिच्या वायूला वास नसतो आणि तो बाळाबरोबर बाळंतिणीलाही नेतो. ओव्याची धुरी द्यायचीच असेल तर कपड्यांना द्या, बाळाला नको.

आणि ‘बाळंतीण आमच्यावर सोडा’ म्हणालात, तर सोडलीच आहे, रात्री तिच्याजवळ तुम्हीच असता. चंदगड-गडहिंग्लजकडून आपल्याकडं दिलेल्या पोरींना तायी कार्डावरची (कर्नाटक सरकारच्या बाळंतिणीच्या कार्डावरची) कन्नड वाचता येत नाही, म्हणून मी हे मराठीत लिहिते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या वजन करून, चहा पिऊन जाण्याआधी त्यांना बाळ रात्री झोपतं ती जागा नेऊन दाखवा. आणि झोपेत बाळ निळं पडलं, श्वास थांबून थांबून येऊ लागला किंवा हलवूनही उठेना, तर मला लिहीत बसू नका, १०८ ला फोन लावा.