नेटलोगोला खेळणं म्हणू नका

नेटलोगो म्हणजे साधे नियम पाळणारे अनेक ‘एजंट’ (काल्पनिक माणसं, प्राणी) संगणकावर एकत्र सोडून काय घडतं ते पाहण्याचं साधन. ते मुलांना शिकवण्यापुरतं ठीक, खरं काम करायचं तर पायथनमधलं मेसा किंवा जावामधलं मेसन ही तशीच साधनं घ्या, असं एका लेखात म्हटलंय. हे अजिबात पटलं नाही.

उरी विलेन्स्की यांनी १९९९मध्ये आणलेल्या या साधनाबरोबर तयार मॉडेल्सचा संग्रहच मिळतो. त्यातलं अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांचं वस्तीविभाजनाचं मॉडेल उघडा; त्यात दोन रंगांचे एजंट शेजार पटला नाही तर जागा बदलतात. ‘शेजारी किमान ३० टक्के आपल्यासारखे हवेत’ एवढीच प्रत्येकाची माफक अट ठेवा आणि चालू करा. बघता बघता रंगांचे वेगळे पुंजके होतात आणि सरासरी ७० टक्के शेजारी एकाच रंगाचे निघतात. हे पडद्यावर घडताना पाहिल्यावर जे उमगतं, ते दहा पानं वाचूनही उमगत नाही.

आता माझा अनुभव. मेंढ्या आणि गवताचं मॉडेल मी पायथनमध्ये साध्या लूपने लिहिलं होतं. प्रत्येक फेरीत यादीतल्या पहिल्या मेंढ्यांनाच गवत मिळायचं, शेवटच्या उपाशी मरायच्या. चूक सापडायला तीन दिवस गेले. नेटलोगोची ‘आस्क’ ही आज्ञा दर वेळी क्रम आपोआप पिसते, त्यामुळे हा घोळ होतच नाही.

एजंट लाखांत गेले की मेसनचा वेग लागतो, हे मान्य. खरे नकाशे घ्यायचे असतील तर गामा हे असंच आणखी एक साधन मला जास्त सोयीचं वाटतं. पण नियमच अजून ठरत नसतील तर सुरुवात नेटलोगोतच करा, आणि एका रनवर विसंबू नका. नेटलोगोतल्याच बिहेवियरस्पेस या मॉडेल आपोआप पुन्हापुन्हा चालवण्याच्या सोयीतून तेच मॉडेल निदान शंभर वेळा चालवा.