बुडवायचे दिवे

बोट घेतली म्हटल्यावर सांगलीकडच्या नातेवाइकांनी ठरवूनच टाकलं, की मिशिगनमधला हा आपला माणूस दर शनिवारी गॉगल चढवून तळ्यावर वारा खात असणार. बोटीखाली ट्रेलर असतो, ट्रेलरच्या मागे दोन लाल दिवे असतात आणि शनिवार त्या दिव्यांपाशी उकिडवं बसण्यात जातो, हे त्यांना सांगून उपयोग नाही. फोटो बोटीचाच निघतो.

बोट पाण्यात सोडायची म्हणजे ट्रेलर उलटा चालवत, रॅम्पवरून चाकं बुडेपर्यंत तळ्यात न्यायचा. तासभर हायवेवर पेटते ठेवलेले दिवे तसेच थंड पाण्यात. घरातला मिक्सर चटणी वाटून झाल्यावर कुणी बादलीत बुडवत नाही, आणि बुडवलाच तर पुढच्या शनिवारी तो चालेल अशी अपेक्षाही ठेवत नाही. ट्रेलरच्या दिव्यांकडून मात्र आपण ती ठेवतो. जुन्या पद्धतीचा बल्ब पेटला की डब्यातली हवा तापते. डबा पाण्यात गेला की ती आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी आत ओढून घेते. तापलेली काच तडकते ती वेगळीच. म्हणून रॅम्पवर उतरण्याआधी गाडीमागचा प्लग काढून ठेवा, असं अनुभवी लोक सांगतात. तो काढायचं सगळ्यांच्या लक्षात राहतं. संध्याकाळी रॅम्पवरून वर येणाऱ्या ट्रेलरांचे प्लग मात्र रस्त्याला घासत चाललेले असतात.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, ट्रेलर 80 इंचांपेक्षा रुंद आहे का? असेल तर मागे मधोमध तीन लाल दिव्यांची पट्टी लागते, शिवाय कडेला रुंदी दाखवणारे दिवे. आमचा कमी रुंद, म्हणून सुटलो. मग बल्बचे की एलईडी? बल्बचे स्वस्त, बल्ब बदलताही येतो, म्हणजे गंजलेल्या होल्डरमधून निघाला तर. एलईडी पूर्ण बंद करून आत रसायन ओतलेले, पाणी शिरायला जागाच नाही. पण गेले की अख्खा दिवा टाकायचा. काही गाड्यांच्या बाबतीत तर एलईडी इतकी कमी वीज खातात, की मागे ट्रेलर जोडलाय हेच गाडीला पटत नाही. तरी माझं मत एलईडीच्याच बाजूनं. आणि डावा-उजवा बघून घ्यावेत. डाव्या दिव्याच्या पोटाला पारदर्शक खिडकी असते, नंबर प्लेटवर उजेड पाडायला.

नवे दिवे लावले की तपासणी. त्याला दोन माणसं लागतात, आणि ती नवरा-बायको असतील तर शेजाऱ्यांचीही सोय होते.

“ब्रेक दाब!”

“दाबलाय.”

“मग लागत कसा नाही?”

“मला काय दिसतंय इथून?”

“आता डावा इंडिकेटर.”

“दिला.”

“अगं, उजवा लागतोय!”

“तुझा डावा की माझा डावा?”

या देशात ट्रेलरचे ब्रेक आणि इंडिकेटर बहुधा एकाच लाल दिव्यात, एकाच तारेवर. पिवळी तार डावीकडची, हिरवी उजवीकडची, तपकिरी टेल लाइटची. चौथी पांढरी. सगळं भांडण तिचंच. डावा इंडिकेटर दिला की उजवाही मिणमिणतो, टेल लाइट लावले की इंडिकेटर संपावर जातो, असे चमत्कार दिसले की लोक दिवे बदलतात. दिवे बिचारे ठणठणीत असतात. पांढरी तार म्हणजे अर्थिंग. कारखान्यानं ती ट्रेलरच्या पुढच्या सांगाड्याला एका स्क्रूनं जोडलेली, आणि मागच्या दिव्यांनी आपापल्या बोल्टमधून सांगाड्याला वीज परत करायची, असा तोंडी व्यवहार. बोल्टखाली गंज किंवा रंग आला की तो व्यवहार मोडतो. वीज मग घरी परतायला दुसऱ्या दिव्यातून वाट काढते, नाहीतर हिचच्या, म्हणजे ट्रेलर गाडीला अडकवायच्या, ग्रीस माखलेल्या गोळ्यातून.

हिवाळ्यात ट्रेलर शेडमध्ये राहतो, तेव्हा उंदीर तारा कुरतडतात आणि प्लगच्या भोकांत कोळी घर करतात. वसंतात तार सोलली की आतलं तांबं हिरवं-काळं निघतं. मग ते छाटायचं, वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवायची, प्लगला ओल बाहेर ठेवणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावायचं. चिमट्यानं दाबून बसवायचे ते झटपट निळे जोड दुकानात फार मोहक दिसतात. तारेला भोक पाडून पाण्याला आमंत्रण द्यायचं असेल तर ते उत्तम.

यंदाच्या उन्हाळ्यात अप्पा आले होते. खुर्ची टाकून माझा उद्योग बघत बसले. गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्री काळोखात बघितलेला माणूस. मागं रिफ्लेक्टर दिसला तरी त्यांना चैन वाटते. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “एवढं कळंना मला. दिवं पाण्यात बुडवायचंच कशाला?”

“अप्पा, ट्रेलरच बुडतो. दिवे त्याला लावलेले आहेत.”

“मग काठीला बांध की वर.”

मी त्यांना पाणी, वीज, आकसणारी हवा असं बरंच ऐकवणार होतो. पण बोट सरळ यावी म्हणून ट्रेलरच्या मागे उभे करायचे पांढरे पाइप आणि त्यांच्या डोक्यावर बसवायचे दिवे दुकानात तयार मिळतात. दिवे कोरडेच राहतात. शिवाय प्लॅस्टिकच्या पाइपातून वीज जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला स्वतंत्र पांढरी तार ओढावीच लागते आणि बोल्टचा तोंडी व्यवहार आपोआप रद्द होतो. फक्त डाव्या दिव्यामागोमाग नंबर प्लेटही वर चढवावी लागली.

अप्पांना दिवे आणखी उंच हवे होते, लांबून दिसतील असे. मी सांगितलं, टेल लाइट जमिनीपासून 72 इंचांच्या वर नेता येत नाही, इथला नियम आहे.

“म्हंजे सहा फूट?” अप्पांनी पाइपाकडं वरून खालपर्यंत बघितलं. “आमच्याकडं एवढ्याशा उसाला कारखाना तोडसुद्धा देत न्हाई.”