‘आधी फिट व्हा, मग ग्रुपमध्ये या’ हा सल्ला उलटा आहे

मार्च लागला की ब्रिटनमधल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सायकलवाल्यांसाठी एक सल्ला फिरू लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. थंडीत सायकल बंद होती, तर आधी घरच्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर, फिटनेस परत मिळवा, तोवर ग्रुप राईडला जाऊ नका. ट्रेनरवरचे आकडे जमले की थेट जुना ग्रुप गाठा, दुसऱ्याच्या चाकामागे राहिलं की ताकद लागत नाही. रस्त्यावर दोघांनी शेजारी चालवणं बेकायदा आहे. सायकल घरातच होती, तेव्हा हवा भरा, चेनला तेल द्या आणि निघा. ऊन पडलं की मडगार्ड आणि दिवे काढून ठेवा.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण पुण्या-नाशिकहून इथे आलेल्यांना हा सल्ला फार नडतो. तिकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच सायकलचा खरा हंगाम, पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी गर्दी असते ती याच दिवसांत. इथे नेमके तेच महिने घरात जातात. त्यात ‘अजून तयारी नाही’ म्हणत एप्रिल गेला, मे गेला की हाताशी उरतं किती? म्हणून एकेक मुद्दा घेतो. मी लंडनजवळच्या सरे परगण्यात चालवतो, उदाहरणं तिथलीच आहेत.

‘आधी फिट व्हा, मग या.’ माझा मुख्य आक्षेप यालाच आहे. काही आठवडे सायकल सुटली की दम लागतो, हे खरं. पण सुरुवातीला जे कमी होतं त्यात रक्तातल्या द्रवाचा वाटा मोठा असतो आणि नियमित चालवू लागलं की ते लवकर भरून येतं. ट्रेनर पायांना आणि छातीला तयार करतो, याबद्दल वाद नाही. दुसऱ्याच्या चाकामागे हातभर अंतरावर चालवायला मात्र तो शिकवत नाही, आणि थंडीत सगळ्यात जास्त गंजते ती हीच सवय.

एक साधी गोष्ट पाहा. चढ लागला की पुढचा माणूस सीटवरून उठून पेडल मारतो. उठताना त्याचा जोर क्षणभर तुटतो आणि त्याची सायकल वीतभर मागे आल्यासारखी होते. मागच्याने बेसावधपणे आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला नेलेलं असेल, तर चाकं घासतात. अशा वेळी पडतो तो बहुधा मागचाच, कारण हँडल त्याच्याच चाकाला जोडलेलं असतं. मुरलेला सायकलवाला उठण्याआधी गिअर एकाने जड करतो, पेडलवरचा दाब सोडत नाही. मागचा त्याच्या कमरेकडे, खांद्यांकडे पाहत असतो, टायरकडे नाही. हे माणसांत चालवूनच अंगात मुरतं. खड्ड्याकडे हात दाखवणं, ‘स्लोइंग’ असं ओरडणं, हेही तसंच. शिवाय ‘कार अप’ म्हणजे गाडी समोरून येतेय की मागून, याचा अर्थ सगळ्या क्लबांत सारखा नसतो. तो निघण्याआधी विचारून घ्यावा.

म्हणून लवकर या, पण हळू ग्रुपमध्ये या. बहुतेक क्लबांत वेगाप्रमाणे गट असतात. जो गट कोणालाही मागे टाकून जात नाही, तो निवडा. ‘चढ संपल्यावर थांबता का?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी गटाचा स्वभाव कळतो. बायकांसाठी ब्रिटिश सायकलिंग या राष्ट्रीय संस्थेच्या ‘ब्रीझ’ राईड २०११पासून चालू आहेत. पुन्हा सुरुवात करणाऱ्यांना त्या अगदी योग्य.

‘मागे राहिलं की ताकद लागत नाही.’ सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या वेगात बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. नीट मागे चालवणाऱ्याची साधारण पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. सरेमध्ये सपाट रस्ता मात्र फार काळ टिकत नाही. बॉक्स हिलचा झिगझॅग रस्ता घ्या, सुमारे अडीच किलोमीटर, सरासरी पाच टक्के चढ. २०१२च्या ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या रोड रेसने या टेकडीला नऊ फेऱ्या घातल्या होत्या. चढावर वेग उतरला की पुढच्याचा आडोसा जवळजवळ संपतो आणि तुम्ही तुमच्या दमावर येता. दुसरं म्हणजे वळणं. पुढचे वळण पार करून वेग घेतात तेव्हा शेवटचा अजून ब्रेक दाबत असतो, मग पडलेलं अंतर भरायला त्याला दरवेळी जीव तोडून पेडल मारावं लागतं. दमलेल्याने सगळ्यात शेवटी राहू नये. मधे किंवा दुसऱ्या जोडीत राहावं.

‘दोघांनी शेजारी चालवणं बेकायदा आहे.’ साफ चूक. जुन्या हायवे कोडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या रस्ता-नियमांच्या पुस्तिकेतही, दोनापेक्षा जास्त जणांनी शेजारी चालवू नये असंच होतं. २९ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या सुधारित नियम ६६मध्ये तर स्पष्ट म्हटलं आहे की दोघांनी शेजारी चालवता येतं आणि मोठ्या गटात किंवा नवख्या माणसासोबत ते जास्त सुरक्षित ठरू शकतं. आठ जणांच्या लांबलचक रांगेपेक्षा चार जोड्या ओलांडायला निम्मा रस्ता पुरतो. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडायचं, असंही कोड सांगतो. म्हणजे गाडीवाल्याला एरवीही पलीकडच्या लेनमध्ये जावंच लागतं. मात्र मागच्या गाड्यांचं भान ठेवून सोयीच्या जागी एका रांगेत यावं किंवा थांबावं, हेही त्याच नियमात आहे. अरुंद गल्ल्यांत ते मनापासून पाळा.

‘हवा आणि तेल, झालं.’ मार्चमधला इथला रस्ता वर्षातला सगळ्यात वाईट असतो. भेगांत शिरलेलं पाणी गोठून फुगतं, डांबर उचकटतं आणि मग त्याच खड्ड्यांत पाणी साचून ते दिसेनासे होतात. शेतांच्या काटेरी कुंपणांची छाटणी पक्ष्यांच्या विणीमुळे १ मार्चपासून ऑगस्टअखेरपर्यंत एरवी बंद असते, त्यामुळे ती फेब्रुवारीत उरकली जाते आणि काटे रस्त्यावर पडून राहतात. टायरवरून फडकं फिरवा, बारीक कुसळ रबरात रुतलेलं सापडेल. टायर ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारं द्रव, वाळलंय का बघा. महिनोन्‌महिने उभ्या सायकलीत ते वाळतंच. ब्रेक पॅड तपासा. ग्रुपमध्ये तुमचा ब्रेक हा मागच्या सगळ्यांचाही प्रश्न असतो. आणि टायर दगडासारखा फुगवू नका, ओल्या रस्त्यावर पकड सुटते.

‘ऊन पडलं की मडगार्ड काढा.’ ऊन पडलं तरी झाडांखालच्या गल्ल्या दुपारपर्यंत ओल्या राहतात. मागच्या चाकाचं मडगार्ड तुमच्यामागच्या माणसासाठी असतं, नाहीतर तुमच्या चाकाचं गढूळ पाणी सरळ त्याच्या तोंडावर उडतं. दिव्यांचं म्हणाल तर मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि लंडनच्या आसपास सूर्योदय पुन्हा पावणेसातच्या सुमारास होतो. सहाला घरून निघणाऱ्याला अंधारच लागणार. मडगार्ड एप्रिल संपेपर्यंत राहू द्या, दिवे त्याहून जास्त.