कोलंबोत ‘आपला माणूस’ बसवून काय मिळालं?

नमस्कार. श्रीलंकेवरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. चीनने कर्जाचा फास टाकून श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हंबनटोटा बंदर लाटलं हे उघड असताना मी दोष श्रीलंकेच्या राज्यकर्त्यांना दिला, हा पहिला. शेजारच्या राजधानीत आपल्याला अनुकूल माणूस बसवणं हे भारताचं कर्तव्यच आहे आणि त्याला विरोध करणं भाबडेपणाचं आहे, हा दुसरा. दोन्ही मला पटलेले नाहीत. का, ते लिहितो.

हंबनटोट्याची कल्पना बीजिंगमध्ये जन्मली नाही. चिनी पैसा येण्याआधी, २००३ मध्येच, एका कॅनेडियन कंपनीने त्याचा अहवाल दिला होता. पूर्व-पश्चिम जहाजमार्ग तिथून जेमतेम दहा सागरी मैलांवर आहे, हे खरं. पण बंदराला जोर आला तो २००५ मध्ये महिंदा राजपक्षे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, कारण हंबनटोटा हा त्यांचा जिल्हा. २००७ मध्ये चीनच्या सरकारी एक्झिम बँकेने ३० कोटी ७० लाख डॉलर दिले, व्याज ६.३ टक्के. २०१० मध्ये बंदर सुरू झालं आणि २०१२ मध्ये तिथे ३४ जहाजं लागली. कोलंबोत त्याच वर्षी साडेतीन हजारांवर.

हे बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चीनकडे गेलं ते २०१७ मध्ये. चायना मर्चंट्स या चिनी सरकारी कंपनीने त्यासाठी ११२ कोटी डॉलर मोजले, पण त्यातून बंदराचं कर्ज फिटलं नाही. ते सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं आणि डॉलर गेले गंगाजळीत, कारण परकीय चलन आटत होतं आणि आंतरराष्ट्रीय बाजारातून उचललेल्या रोख्यांची देणी समोर उभी होती. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्ज फेडण्याबाबत हात वर केले तेव्हाही परदेशी कर्जात एक तृतीयांशाहून जास्त वाटा या रोख्यांचाच होता. चीनचा, मोजाल तसा, दहा ते वीस टक्के. पण तेवढ्याने चीन निर्दोष ठरत नाही. त्याच वर्षी १६ ऑगस्टला, भारताचा आक्षेप असूनही, उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं ‘युआन वांग ५’ हंबनटोट्याच्या धक्क्याला लागलं. ती काळजी मलाही आहे.

आता तुमचा दुसरा मुद्दा. खरं तर त्याच्यासाठीच एवढं लांब उत्तर लिहितो आहे. २०१४ मध्ये चिनी पाणबुडी कोलंबोत आली आणि दिल्ली अस्वस्थ झाली. जानेवारी २०१५ मध्ये राजपक्षे हरले, मैत्रीपाल सिरिसेना आले. आपल्याकडे अनेकांनी तो भारताचा विजय मानला. मग हंबनटोटा ९९ वर्षांसाठी कुणी दिलं? याच सिरिसेना आणि त्यांचे पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांच्या सरकारने! तिजोरी रिकामी असली की भारताबद्दलचा जिव्हाळा कामाला येत नाही.

आणि तिथली जनता? जानेवारी २०१७ मध्ये हंबनटोट्यात लोक रस्त्यावर उतरले ते चिनी कराराविरुद्ध. पुढे कोलंबोचं ईस्ट कंटेनर टर्मिनल भारत आणि जपानच्या भागीदारीत जाणार म्हटल्यावर बंदर कामगारांच्या संघटना उठल्या आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये महिंदांचे भाऊ गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने तो करार मोडला. आपली बंदरं परक्याच्या हातात जाऊ नयेत, इतकंच त्या लोकांना वाटतं. परका कोण, याने त्यांना फरक पडत नाही. यात चीनचा किंवा भारताचा हात शोधत बसलो तर ही माणसं आपल्याला कधी दिसणारच नाहीत.

उलट उदाहरणही घ्या. जनता विमुक्ती पेरमुना हा तमिळ प्रश्न सोडवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या भारत-श्रीलंका कराराविरुद्ध शस्त्र उचललेला डावा पक्ष. (त्याच करारानुसार गेलेल्या शांतिसेनेत आपले सुमारे १,२०० जवान तिथे कामी आले. शेजाऱ्याचं राजकारण आपल्या हाताने मार्गी लावायला गेल्याची ती किंमत आपण कधीच विसरू नये.) सप्टेंबर २०२४ मध्ये त्या पक्षाचे अनुरा कुमारा दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी पहिला परदेश दौरा केला तो भारताचा, आणि श्रीलंकेची भूमी भारताच्या हिताविरुद्ध वापरू देणार नाही, असं दिल्लीत सांगितलं. त्या दौऱ्याच्या पुढच्याच महिन्यात ते बीजिंगलाही गेले. एप्रिल २०२५ मध्ये भारताशी संरक्षण सहकार्याचा करारही कोलंबोतच झाला. या माणसाला आपण निवडून आणलं नव्हतं. मात्र २०२२ मध्ये पेट्रोलसाठी रांगा लागल्या होत्या आणि औषधं संपत होती, तेव्हा भारताने सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत उभी केली होती. माझ्या मते दिल्लीतल्या त्या आश्वासनाचं मूळ तिथे आहे.

‘मग भारताने करायचं काय?’ असं तुम्ही विचारलंत. हातात घेतलेलं काम पुरं करायचं. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ९९ तेलटाक्या आहेत. त्या दोन्ही देशांनी मिळून वापरात आणायच्या, हे १९८७ च्या पत्रव्यवहारातच ठरलं होतं. त्यातल्या ६१ टाक्यांसाठी संयुक्त कंपनीचा करार व्हायला जानेवारी २०२२ उजाडला. या ३५ वर्षांत कोलंबोत ‘आपली’ मानलेली सरकारंही येऊन गेली.