शांतता समितीत पोरं कुठायत?

सणाच्या तोंडावर पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. माजी नगरसेवक, मंडळाचे तहहयात अध्यक्ष, मशिदीचे ट्रस्टी, दोन पत्रकार. चहा-बिस्किटं, ‘आपल्या शहराची परंपरा’ छापाची भाषणं, ग्रुप फोटो. आणि मिरवणूक, डीजे, मोबाईल ज्या विशीतल्या पोरांच्या हातात असतो, त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी त्याच सुमारास ‘गडबड केलीत तर याद राखा’ अशी पोलिसांची आगाऊ ताकीद देणारी नोटीस जाते. पूर्वी १४९ची म्हणायचे, आता नव्या कायद्यात कलम १६८. ज्येष्ठांना खुर्ची, पोरांना नोटीस. मला हे उफराटं वाटतं.

७ जून २०२३ चं कोल्हापूर आठवा. सुरुवात मोबाईलवरच्या आक्षेपार्ह स्टेटसपासून. मग बंदची हाक, दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. आता सांगा, असलं स्टेटस आधी कोणाला दिसतं? वर्गातल्या, जिममधल्या, टर्फवरच्या दोस्ताला. “काढ ते, येडा झालास काय?” हे तोच सांगू शकतो, तेही लगेच. ट्रस्टीसाहेबांच्या कानावर जाईपर्यंत स्क्रीनशॉट तीन तालुके फिरून आलेला असतो.

पण असं हक्कानं दटावायला आधीची ओळख लागते. भिवंडीत नेमकं तेच केलं गेलं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं यंत्रमागांचं गाव. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांपेक्षा साध्या रहिवाशांवर भर, दोन्ही समाजांचे लोक एकत्र, आणि काही घडलेलं नसतानाही बैठका चालूच. डिसेंबर १९९२ ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. (हे उदाहरण सगळेच देतात, पण बैठक मात्र अजून सणापुरतीच!)

तेव्हा मोहल्ल्याची खबर नाक्यावर कळायची, आता फोनवर. म्हणून समितीतले निम्मे सदस्य पंचविशीच्या आतले हवेत. मुलीही हव्यात, आपला भाऊ रात्री कोणत्या ग्रुपवर असतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. “पोरं बैठकीतच भांडतील” असं एक काका म्हणाले. भांडू देत की! खोलीत भांडलेली परवडतील.

एक अट मात्र हवी. या पोरांना खबरी बनवायचं नाही. कोणी काय पोस्ट केलं त्याची यादी साहेबांना द्यायची, असं काम त्यांच्या गळ्यात मारलं की गल्लीत त्यांना कोणी विचारणार नाही. पोस्ट उतरवली, दोघांना समोरासमोर बसवलं, तर विषय तिथेच संपवण्याची मुभा ठाण्यानं त्यांना द्यावी. मारहाण, हत्यार, धमकी असेल तिथे अर्थातच पोलीस.