बावन्न महिन्यांचा हिशेब

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या आठ वर्षांच्या कारभाराचे समर्थन करताना तीन आकडे हमखास पुढे केले जातात. सलग ५२ महिने रोजगार वाढून ८३ लाख नव्या नोकऱ्या निर्माण झाल्या, २००३ च्या करकपातीमुळे ९ कोटी २० लाख करदात्यांच्या हाती सरासरी १,०८३ डॉलर जास्त उरले, आणि अर्थसंकल्पातील तूट मुदतीच्या तीन वर्षे आधीच निम्म्यावर आली. यांतला एकही आकडा हवेतून काढलेला नाही, म्हणूनच तो खोडून काढण्याआधी तो कुठून मोजला हे तपासावे लागते.

हे ५२ महिने सप्टेंबर २००३ ते डिसेंबर २००७ असे धरलेले आहेत. बुश सत्तेवर होते ते २० जानेवारी २००१ पासून २० जानेवारी २००९ पर्यंत, म्हणजे ९६ महिने. तेव्हा ४४ महिने हिशेबातून गळाले आणि नोकऱ्या जाण्याचे बहुतेक सगळे महिने नेमके त्यांतच आहेत. सप्टेंबर २००३ पूर्वी २५ लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या होत्या आणि त्या भरून निघायलाच २००५ साल उजाडावे लागले. पुढे एकट्या २००८ मध्ये सुमारे ३५ लाख गेल्या. (नंतरच्या सुधारित आकडेवारीत २००७ च्या उन्हाळ्यातले दोन महिनेही उणे निघाले, पण समर्थकांचे ५२ काही कमी झाले नाहीत.) अखंड आठ वर्षे धरली तर निव्वळ वाढ १५ लाखांच्या आतच भरते, तर त्यांच्या आधीच्या क्लिंटन यांच्या आठ वर्षांत ती २ कोटी २० लाखांहून अधिक होती. बेरोजगारीचा दर बुश आले तेव्हा ४.२ टक्के होता आणि गेले तेव्हा ७.८ टक्के.

ज्या ५२ महिन्यांचा गवगवा होतो, तेही भागाकार केल्यावर बेताचेच ठरतात. ८३ लाख भागिले ५२ म्हणजे महिन्याला जेमतेम १ लाख ६० हजार नोकऱ्या, आणि त्या काळी अमेरिकेत कामाच्या वयात येणाऱ्यांना सामावून घ्यायलाच दरमहा लाख-दीड लाख नोकऱ्या लागत.

यावर समर्थकांचे म्हणणे असे की मंदी मार्च २००१ मध्ये, शपथविधीनंतर अवघ्या काही आठवड्यांत सुरू झाली, इंटरनेट कंपन्यांचा फुगा त्याआधीच फुटला होता आणि सप्टेंबरात न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवर हल्ले झाले. हे खरे आहे, आणि राष्ट्राध्यक्षाच्या हाती अर्थव्यवस्थेच्या सगळ्या किल्ल्या नसतात हेही मान्य. पण मग तो नियम तेजीच्या महिन्यांनाही लावावा लागेल; पडझड परिस्थितीच्या खाती आणि वाढ अध्यक्षांच्या खाती, अशी वही लिहिता येत नाही.

करकपातीच्या सरासरीच्या मुद्द्यावर फार थांबण्याची गरज नाही. वाड्यातल्या नऊ बिऱ्हाडांना शंभर-शंभर रुपये आणि मालकाला ९,१०० रुपये मिळाले, तरी सरासरी प्रत्येकी हजारच येते. १,०८३ डॉलर हे असेच आहेत: सर्व करदात्यांची लाभाच्या क्रमाने रांग लावली तर जवळपास निम्म्यांच्या हाती १०० डॉलरही पडत नव्हते.

तुटीचा दावा मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण त्यातली हातचलाखी अधिक कसबी आहे. पाच वर्षांत, म्हणजे २००९ पर्यंत, तूट निम्मी करण्याचे वचन २००४ मध्ये देण्यात आले आणि ऑक्टोबर २००६ मध्ये, तूट २४८ अब्ज डॉलर भरल्यावर, वचनपूर्ती जाहीर झाली. निम्मी कशाच्या? ५२१ अब्जांच्या. पण ५२१ अब्ज ही २००४ ची प्रत्यक्ष तूट नव्हतीच. तो फेब्रुवारी २००४ मधला सरकारचा अंदाज होता आणि वर्षअखेरीस प्रत्यक्ष तूट निघाली सुमारे ४१३ अब्ज. आधी अंदाज फुगवून सांगायचा आणि मग त्याच अंदाजावरून घट मोजायची, असा हा व्यवहार आहे. प्रत्यक्ष तुटीशी ताडून पाहिले तर घट ४० टक्क्यांच्या आसपास येते, जी कमी नाही, पण निम्मी नव्हे.

२००७ मध्ये तूट १६१ अब्जांवर उतरली आणि तेव्हा ती खरोखरच निम्म्याहून खाली गेली, हे नोंदवायलाच हवे. लगेच २००८ मध्ये मात्र ती ४५९ अब्ज झाली, आणि २००० साली याच तिजोरीत २३६ अब्ज शिल्लक होती. वचनाचे वर्ष असलेल्या २००९ ची तूट १,४०० अब्जांवर गेली; पण ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झालेल्या त्या आर्थिक वर्षाचे पहिले पावणेचार महिनेच बुश यांचे होते, म्हणून ती सगळी त्यांच्या माथी मारणे म्हणजे वर सांगितलेलीच चलाखी उलट्या बाजूने करणे होईल. त्यासाठी ७ जानेवारी २००९ चा आकडा वापरावा. बुश यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या शपथविधीला १३ दिवस बाकी असताना अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने त्या वर्षाची तूट जवळपास १,२०० अब्ज डॉलर होईल असे सांगून ठेवले होते.